खोली आहे, पण द्यायची नाही

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर खोली मिळत नाही, अशी ओरड वर्षातल्या साधारण चाळीस रात्री ऐकू येते. उरलेल्या सव्वातीनशे रात्री खोलीला माणूस मिळत नाही, अशी ओरड असते. पहिली ओरड मुंबई-पुणे-कोल्हापूरकडून येते आणि नवल म्हणजे दुसरीही तिकडूनच येते. पर्यटनावरच्या चर्चासत्रांत आणि गुंतवणूक सल्लागारांच्या तक्त्यांत एकच खंत असते: गणपतीपुळे, मालगुंड, आरे-वारे, गुहागर, मुरुड, कर्दे, हर्णै इथल्या खोल्या वर्षाचा बहुतेक काळ रिकाम्या राहतात, एवढी मालमत्ता वाया जाते, कोकणी माणसाला धंदा कळत नाही. ज्याची खोली रिकामी असल्याबद्दल हा शोक चाललेला असतो, तो स्वतः मात्र ओरडत नाही. फोन केला तर तो शांतपणे सांगतो, "खोली आहे, पण द्यायची नाही." या वाक्यामागे आळस आहे, असं आजवर सगळ्यांनी धरून चाललेलं आहे. माझ्या मते त्यामागे शुद्ध अंकगणित आहे, आणि चूक झालीच असेल तर ती तक्ता मांडणाऱ्याकडून झाली आहे. सगळे अंश मोजत बसतात. छेदाकडे कोणी बघत नाही.

हॉटेलच्या धंद्यात भोगवट्याचं प्रमाण काढायची रीत सोपी आहे. खोली किती रात्री विकली गेली, याला ती किती रात्री विकायला होती याने भागायचं. हॉटेलच्या खोलीला विकलं जाण्यापलीकडे आयुष्यात दुसरं कर्तव्य नसल्यामुळे तिथे छेदात 365 घालून मोकळं होता येतं. कोकणातल्या घरातल्या खोलीला मात्र संसार आहे. फाल्गुनात शिमगा येतो. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, ती आपल्या वाडीत यायची असते तेव्हा मुंबईचे भाऊबंद हजर असतात आणि माडीवरची खोली त्यांची असते. चैत्र-वैशाखात त्याच खोलीत पेंढा पसरून आंब्याची अढी घातलेली असते, एका भिंतीला रिकाम्या पेट्या आणि दुसऱ्या भिंतीला भरलेल्या. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून खोलीतल्या या मुक्कामकऱ्याचा दर्जा कागदोपत्रीही पाहुण्यापेक्षा वरचा ठरला. मे महिन्यात लेकी मुलांसकट माहेरी येतात. अंगणात रातांब्यांची सोलं आणि फणसाची साटं वाळत असतात आणि वळवाचा पाऊस आला की ती जिथे पळवून नेतात, ती जागाही हीच. मिरगाच्या तोंडावर लाकूडफाटा आत येतो. आषाढात खोलीभर दोऱ्या बांधलेल्या असतात आणि त्यांवर घरादाराचे कपडे न वाळण्यासाठी टाकलेले असतात. भाद्रपदात गणपती. दसरा उलटला की भाताची पोती. या सगळ्यातून खोली सुटते ती दिवाळीपासून माघापर्यंतच्या सुट्ट्यांना आणि शनिवारांना, शिवाय मे महिन्यात अढी जरा लवकर हलली तर चार-सहा दिवस. समजा, अशा 60 रात्री घरमालकाने विकायला काढल्या आणि त्यातल्या 54 गेल्या. सल्लागार 54 ला 365 ने भागून 15 टक्के म्हणतो आणि मान हलवतो. घरमालक 54 ला 60 ने भागतो. 90 टक्के. एखाद्या पंचतारांकित हॉटेलच्या व्यवस्थापकाने पेढे वाटावेत, असं हे प्रमाण आहे. फक्त घरमालकाला त्यात पेढे वाटण्यासारखं काही दिसत नाही, कारण उरलेल्या 305 रात्रीही खोली भरलेलीच होती. पैसे न देणाऱ्यांनी भरली होती, एवढाच फरक.

त्यातही गणपतीचे दिवस अर्थशास्त्राने खास अभ्यासावेत असे आहेत. एरवी चार माणसांचं घर, पण गणपतीत त्यात चोवीस माणसं झोपतात: ओटीवर, पडवीत, माजघरात, माडीवर, आणि ज्याला कुठेच जागा नाही तो भजनात रात्र काढून जागेचा प्रश्न सोडवतो. रेल्वेच्या आरक्षणाची मुदत 120 दिवसांची होती तेव्हा चाकरमानी चार महिने आधी तिकिटाच्या मागे असायचे. नोव्हेंबर 2024 पासून ती 60 दिवसांवर आली, तर आता तेच सगळे दोन महिने आधी आणि तितक्याच काही मिनिटांत गाड्या भरतात. म्हणजे मागणी प्रचंड, पुरवठा मर्यादित, खोल्या तुडुंब. तरीही भाड्याचं उत्पन्न शून्य. हॉटेलं भरलेली असताना घरात जादा गाद्या घालून माणसं झोपवावीत, ही कल्पना 2007 साली सॅन फ्रान्सिस्कोत दोन तरुणांना सुचली. हवा भरायच्या तीन गाद्या आणि सकाळची न्याहारी एवढ्या भांडवलावर उभी राहिलेली एअरबीएनबी आज जगभर पसरली आहे. कोकणात गाद्या होत्या, न्याहारी होती, माणसं तर तीनाच्या कितीतरी पट होती. तिकडे शोध लागला तो गादीचा नव्हे, सकाळी उठल्यावर पैसे मागण्याचा. सख्ख्या चुलतभावाकडे ते मागण्याची सोय अजून कोणत्याही ॲपने काढलेली नाही.

आता मागणीकडे. इथेही दोष घरमालकाच्या माथी मारतात, पण गिऱ्हाईक काय करतं ते पाहावं. मुंबई ते रत्नागिरी सुमारे 340 किलोमीटर. शनिवार-रविवार गाठणारा मुंबईकर शुक्रवारी रात्री निघतो, शनिवारी सकाळी पोचतो, रविवारी जेवून परत फिरतो. त्याच्या दोन रात्रींतली एक, शुक्रवारची, महामार्गाच्या वाट्याला जाते. या महामार्गाचं चौपदरीकरण 2011 च्या सुमारास सुरू झालं आणि अनेक मंत्र्यांच्या, अनेक मुदतींच्या साक्षीने चालू राहिलं. सलग सुट्ट्या आल्या की जिल्ह्यातल्या कोणत्याही रिसॉर्टपेक्षा जास्त माणसं त्याच्यावर मुक्कामाला असतात, तीही भाडं न देता, फक्त टोलची चौकशी करत. कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 पासून पूर्ण मार्गावर धावते आणि जून 2023 पासून वंदे भारतही आली, तेव्हा अंतर कमी झालं, असं कोणी म्हणेल. अंतर कमी झालं, तिकीट कमी झालं नाही. म्हणजे मिळण्याच्या दृष्टीने. शिवाय रेल्वे स्वतःच पावसाळ्यात वेगळं, सावकाशीचं वेळापत्रक लावते. तेव्हा घरमालकाच्या हाती उरते ती शनिवारची रात्र. वर्षात शनिवार 52. एकही न चुकता सगळे भरले, तरी 365 ला भागल्यावर 14 टक्के होतात. घाटावरची मंडळी जवळची. कोल्हापूर आंबा घाटातून 130 किलोमीटरच्या आसपास. पण जवळची माणसं मुक्काम करतातच असं नाही. सकाळी निघून, पुळ्याच्या स्वयंभू गणपतीचं दर्शन घेऊन, डोंगराला प्रदक्षिणा घालून, वाळूत पाय भिजवून ती रात्री आपल्या घरी झोपू शकतात, आणि झोपतात.

यावर आधुनिक उपाय म्हणजे मागणीचा अंदाज बांधून दर खालीवर करणारी संगणकप्रणाली. ती म्हणे मागच्या वर्षीच्या आकड्यांवरून पुढच्या वर्षीची गर्दी सांगते. किनाऱ्यावर तिची पंचाईत होते, कारण इथली गर्दी इंग्रजी तारखांनी येत नाही. मंगळवार हा सुट्टीच्या ठिकाणी मरतुकडा वार. त्याच मंगळवारी संकष्टी आली की अंगारकी होते आणि पुळ्यात पहाटेपासून रांगा लागतात. 12 ऑगस्ट 2025 घ्या. भर पावसाळा, श्रावण, आठवड्याचा मधला दिवस, शाळा चालू. यंत्राने दर निम्मा केला असता. घरमालकाने मात्र जानेवारीतच दिनदर्शिकेवर लाल खूण केली असणार, आणि ती खूण आधीपासून छापलेलीच असते. माशांचंही तसंच. पर्यटक समुद्र बघायला येतो असं तो सांगतो. प्रत्यक्षात तो समुद्राकडे ताटात काय येतं या अंगाने बघतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. 1 ऑगस्टला बंदी उठते तोवर श्रावण दारात आलेला असतो, नाहीतर आत येऊन बसलेला असतो. श्रावण संपला की गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. म्हणजे समुद्र द्यायला तयार होतो तेव्हा गिऱ्हाईक खायला तयार नसतं. 2023 मध्ये तर श्रावणच अधिक आला. कोणी एक महिना पाळला, कोणी दोन. कॅलिफोर्नियात बसलेल्या यंत्राला ही मंदी युद्धामुळे आली की व्याजदरामुळे, हे शेवटपर्यंत कळलं नसेल. दाते पंचांगाची किंमत त्या यंत्राच्या महिन्याच्या वर्गणीहून कमी आहे.

सर्वांत आवडता आक्षेप पावसाचा. एवढा सुंदर पाऊस, एवढी हिरवाई, वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पडणारं पाणी, मग भाव निम्मे करून जून ते सप्टेंबर खोल्या का भरत नाहीत? रिकाम्या खोलीपेक्षा अर्ध्या पैशांची खोली बरी, हे तर शाळकरी पोरालाही कळेल. शाळकरी पोराला कळतं, कारण चादरी त्याला वाळवायच्या नसतात. पावसात एका रात्रीच्या पाहुण्यामागे दोन चादरी, चार अभ्रे आणि ओल्या टॉवेलांची चळत निघते. ती वाळायला जितके दिवस लागतात तितक्या दिवसांत तिला वास येतो, आणि तो वास पुढचा पाहुणा शेऱ्यात लिहितो. वीज जाते, ती कधी येईल हे वायरमनलाही सांगता येत नाही. आणि मुख्य म्हणजे जुलैत घरातली माणसं घरात नसतात. लावणी चाललेली असते. ज्याला शहरात बिनहंगाम म्हणतात तो इथला भाताचा हंगाम आहे. चिखलातून वर येऊन पाहुण्याच्या चहात साखर किती हे विचारायला कोणाला सवड नसते. गोव्याचं उदाहरण देतात. गोव्यात पावसाळी पर्यटन चालतं ते पगारी नोकर असलेल्या मोठ्या हॉटेलांत, आणि तिथे पाऊस पाहायला बंद काचेची खिडकी आणि हातात प्यायला काहीतरी असतं. इथे पाहुणा पडवीत बसतो, पडवीला झाप बांधलेले असतात, म्हणजे पाऊस दिसत नाही, फक्त ऐकू येतो. तो ऐकण्याचे अर्धे पैसे घेणं घरमालकाला प्रशस्त वाटत नाही, आणि पूर्ण पैसे कोणी देत नाही.

बरं, पाऊस सोडा, मे महिना तरी ताणा, आणखी चार खोल्या काढा, असाही सल्ला असतो. तीन मीटर पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्यांना टँकरने पाणी पुरवावं लागतं. जांभा दगड पाणी पितो पण धरून ठेवत नाही. पडलेला पाऊस उतारावरून समुद्राला जाऊन मिळतो. शहरातलं गिऱ्हाईक सर्वांत जास्त येतं ते विहिरीचं पाणी सर्वांत खाली गेलेलं असतं तेव्हा. समुद्रातून आलेला एक माणूस अंगावरची वाळू धुवायला किती बादल्या घेतो, याचं मोजमाप कोणत्याही पर्यटन धोरणात सापडत नाही, पण ज्याच्या घरी पंप आहे त्याला ते तोंडपाठ असतं. तेव्हा "मे महिन्यात फुल्ल" या पाटीचा अर्थ नेहमी खोल्या भरल्या असाच असतो असं नाही. पुष्कळदा टाकी संपली, एवढाच असतो. शिवाय मे महिन्याचाही भरवसा राहिला नाही. 2025 मध्ये मोसमी पाऊस 26 मे रोजी मुंबईत पोचला, नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा सर्वांत लवकर. कोकणात तर तो त्याआधीच येऊन बसला होता. हंगामाचा शेवटचा आठवडा त्याने आगाऊ रक्कम न भरता घेतला.

मग लुटीचा मुद्दा निघतो. 31 डिसेंबरला खोलीचा दर दुप्पट-तिप्पट, ही लूट नाही तर काय? इथे मी घरमालकाची सगळीच बाजू घेणार नाही. काही जण खरोखर असे दर सांगतात की ऐकणाऱ्याला आपण खोली विचारली की कलमांची बाग, असा प्रश्न पडावा. पण हिशेब असा आहे की, जी खोली 54 रात्री कमावते तिला रंग, गिलावा, वाळवी, खाऱ्या हवेने गंजलेले नळ आणि घरपट्टी यांचा 365 दिवसांचा खर्च त्या 54 रात्रींतून काढायचा असतो. विमान कंपनी दिवाळीला हेच करते तेव्हा त्याला मागणीनुसार दर म्हणतात आणि त्यावर व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात तास होतात. खासगी बसवाले गणपतीत हेच करतात म्हणून सरकारने 2018 मध्ये एसटीच्या दीडपट भाड्याची मर्यादा घातली. ती मर्यादा बसच्या आत कोणत्या आसनावर बसलं की दिसते, हे प्रवाशांनीच सांगावं. फक्त लुंगी नेसून अंगणात उभा असलेला माणूस तोंडी दर वाढवतो तेव्हा लूट होते. त्याने भिंतीवर एक पडदा लावून त्यावर आकडे हलते ठेवले, तर बहुधा कोणी तक्रार करणार नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो टोलवता येत नाही. सगळ्यांच्याच खोलीत आंबे नसतात. गेल्या काही वर्षांत किनाऱ्यालगत कर्ज काढून बांधलेल्या इमारती पुष्कळ उठल्या. त्यांच्या मालकांपैकी कित्येकांची भातशेती दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या पत्रकापलीकडे गेलेली नाही. बँकेचा हप्ता श्रावण पाळत नाही. त्या खोल्यांचा छेद खरोखरच 365 आहे आणि त्यांचे 15 टक्के खरोखरच 15 टक्के आहेत. त्यांच्याविषयी मला सहानुभूती आहे. पण शेजारच्या काकांनी खोली द्यावी की न द्यावी हे या हप्त्यावरून ठरवू नये. कारण काकांकडे खोल्या किती, हा मुळात प्रश्नच नाही. काकूंना हात किती, हा आहे. सरकारची 'निवास व न्याहारी' अशी योजना आहे आणि नावाप्रमाणे ती न्याहारीपाशी थांबते. पाहुणा थांबत नाही. त्याला सकाळी घावणे, दुपारी माशाचं ताट, संध्याकाळी उकडीचे मोदक आणि परतताना बांधून द्यायला कोकम आगळ लागतं. हे सगळं ज्या दोन हातांतून निघतं त्यांचा भोगवटा बाराही महिने शंभर टक्के असतो आणि तो कोणत्याही तक्त्यात येत नाही. काका फोनवर "देत नाही" म्हणतात तेव्हा तो निर्णय बहुतेक वेळा स्वयंपाकघरात झालेला असतो.

मागणी पुरवठ्याच्या तालावर नाचल्याचं एकच उदाहरण जिल्ह्यात मला धड दिसतं, ते मंडणगड तालुक्यातल्या वेळासचं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपायला सुरुवात केली, 2006 पासून कासव महोत्सव होऊ लागला आणि गावातली घरं पाहुण्यांना उघडली. तिथे हंगाम घरमालक ठरवत नाही, पर्यटकही नाही. तो मादी कासव ठरवते. ती रात्री येते, शंभरएक अंडी घालते आणि मुक्काम न करता परत जाते. पिल्लं निघायला दीड-दोन महिने लागतात आणि ती कोणत्या सकाळी निघतील हे कोणी लिहून देत नाही. तरी शहरातली माणसं पोराबाळांना घेऊन जातात, जमिनीवरच्या गादीवर झोपतात, पिल्लू दिसलं नाही तरी पैसे देतात आणि घरमालकाला दोष देत नाहीत. यावरून गिऱ्हाईकाला अनिश्चितता चालते असं दिसतं. फक्त तिचं कारण माणूस असता कामा नये.

शेवटचा उपाय अलीकडे फार बोलला जातो: दीर्घ मुक्काम. घरून काम करणाऱ्यांनी लॅपटॉप घेऊन सहा-सहा महिने किनाऱ्यावर राहावं, म्हणजे हंगामाचा प्रश्नच मिटेल. रत्नागिरीला दीर्घ मुक्कामाच्या पाहुण्यांचा अनुभव नाही असं नाही. ब्रह्मदेशचा राजा थिबा 1886 मध्ये कुटुंबकबिल्यासह इथे आला आणि 1916 मध्ये मरेपर्यंत राहिला. तीस वर्षं, पाऊस, श्रावण, मासेबंदी काही न पाहता. त्याच्यासाठी मुद्दाम राजवाडा बांधला, तो 1910 च्या सुमारास तयार झाला, म्हणजे पाहुण्याने त्याचा उपभोग जेमतेम सहा वर्षं घेतला. मधली जवळजवळ पाव शतकाची दिरंगाई पाहता ते काम आजच्या महामार्गवाल्यांना परकं वाटू नये. भत्ता पुरत नाही ही त्याची तक्रार अखेरपर्यंत होती. त्याच्यानंतर सावरकर 1924 ते 1937 अशी तेरा वर्षं या जिल्ह्यात होते. या दोन्ही मुक्कामांत साम्य एवढंच की, पाहुण्याला परत जायची परवानगी नव्हती. त्या अटीवर रत्नागिरीत बारमाही भोगवटा जमतो, हे इंग्रज सरकारने दोनदा सिद्ध केलं; त्यानंतरच्या कोणत्याही सरकारकडून इतक्या मुदतीचं बुकिंग आलेलं नाही.